मावळतीची भिंत

म्हाळसा,

काल शिरूरच्या स्टँडवर तुझी सासू भेटली. आता तिला सासू म्हणायचं की नाही ते तू ठरव, कागदावर अजून तीच आहे. गुडघे गेलेत तिचे, जिभेला मात्र काही झालेलं नाही. निमोण्याच्या गाडीची वाट बघत पिशवीवर बसली होती. मी आपलं सरळ विचारलं, "जाईबाई, भिंत कशी आहे?" तर म्हणाली, "ती गेली आन् भिंत वाळली बघा बाई. सगळा गाव सांगंल." आणि वर पानाची चंची पुढं केली. मी पान घेतलं नाही.

तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही माझं. म्हणून लिहिते. तू तिकडं दौंडला पहाटेपासून डब्यांच्या पोळ्या लाटणार, तुला एवढं वाचायला फुरसत आहे की नाही कोण जाणे. पण निमोण्यात जी गोष्ट सांगतात ती खोटी आहे, आणि खरी सांगायला तिथं कुणी तोंड उघडणार नाही. तुला 'तू' म्हणत सांगायला घेतली तर दर वाक्याला "जाऊ द्या वो बाई" म्हणशील, हे मला पक्कं ठाऊक आहे. तेव्हा इथून पुढं तू 'ती'. मध्ये बोलायचं नाही. मी जिथं येईन तिथं मीही नुसती 'बाई', गाव म्हणतं तशी.

*

म्हाळसाचा बाप रेल्वेत चावीवाला होता. रूळ ज्या लोखंडी चाव्यांनी जखडलेले असतात त्या सैल झाल्या की ठोकून बसवायच्या, एवढंच त्याचं काम. रोज सकाळी खांद्यावर हातोडा टाकून दौंडच्या बाहेर रुळाकडेनं चालत सुटायचा. शाळेला सुट्टी असली की पोरगी मागं. बाप दिसेल त्या चावीवर हातोडा टाकायचा आणि क्षणभर थांबायचा. "ऐकलीस? ही ठाण्ण वाजली. ही बरी हाय. आता ही ऐक." दुसरी ठप्प वाजायची. "ही सैल. वरनं दोन्ही सारख्याच दिसत्यात का न्हाई? बघू नगंस. ऐक." पोरीला त्या वयात आवाजाचा नाद लागला. हंडा, रांजण, दार, कलिंगड, समोर येईल ते ती बोटाच्या पेरानं ठोकून बघायची. आई वैतागून म्हणायची, "हिला सुताराच्या घरी द्या."

दिली धनगराच्या घरी. धनगर तीही होती, पण तिच्या घरातली मेंढरं आजोबांच्या काळातच गेलेली. सासरी तसं नव्हतं. निमोण्याचा कोंडिबा, तिचा सासरा, तीस वर्षं कळपामागं चाललेला माणूस. दिवाळीनंतर कोकणाकडं उतरायचं आणि पाऊस लागायच्या आत परत यायचं. पावसाळ्यात मेंढरं गावाच्या माळावर एकाच जागी बसायची. काटेरी झापं लावून केलेल्या त्या आवाराला ते लोक वाडा म्हणतात. तीस पावसाळे हजारो खुरांनी तुडवलेली, लेंड्या आणि मुतानं मुरलेली तिथली माती काळी, तेलकट, लोण्यासारखी चिकट झाली होती. बागायतदार ती खतासाठी गाडीनं मागायचे. कोंडिबा द्यायचा नाही. कळप विकला, आलेल्या पैशातून घर बांधायला काढलं, पण वाड्याच्या जागेवर त्यानं नांगर घातला नाही. घराचा पाया भरताना पाटीभर माती तिथून आणली, तिच्यावर भंडारा टाकला, नारळ फोडला. "लक्ष्मी हाय ती," म्हणाला. "मेंढरं गेली माझी. पर त्यांचं बसणं तिथंच हाय."

इथवर मला कोंडिबाचा राग येत नाही. सगळं आयुष्य विकून माणसानं पाटीभर माती जपली तर जपू दे.

घर झालं ते साडेचार इंची विटेचं, वर स्लॅब. पैसे संपत आले की भिंती बारीक होतात. मावळतीकडं मोकळा माळ, आडोशाला झाड नाही. फाल्गुन लागला की दुपारनंतर त्या भिंतीला हात लावून ठेवता यायचा नाही. नेमका त्याच भिंतीला आतून देव्हारा, बिरदेवाचा चांदीचा टाक, आणि त्याखाली कोंडिबाची खाट. म्हातारा उठून अंगणात निजायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा, "घर न्हाई बांधलं, वीटभट्टी बांधली. आन् मला आत भाजाय ठिवलं."

हे टोमणे जालिंदरसाठी असायचे. जालिंदर म्हणजे म्हाळसाचा नवरा. रांजणगावच्या एका कंपनीत पॅकिंगला. माणूस वाईट नव्हता, हे मी लिहून ठेवते. बायकोला मारत नव्हता, दारू पीत नव्हता, रविवारी पारावर पत्ते खेळायचा तेवढंच. बापासमोर मात्र त्याचा आवाज घशातच राहायचा. कंपनीत यंत्रं यायची त्यांच्या खोक्यांत थर्माकोलच्या जाड लाद्या असत. तिथल्या कुणी त्याला सांगितलं, शीतगृहाच्या भिंतींना हेच लावतात, ऊन आत येत नाही. पठ्ठ्यानं टेम्पोभर लाद्या आणल्या. नव्याण्णव सालचा चैत्र. म्हाळसा भावाच्या लग्नाला दौंडला गेली होती. तेवढ्यात त्यानं मावळतीच्या भिंतीला बाहेरून लाद्या लावल्या, त्यांच्यावर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी ताणली, वरून सिमेंटचा गिलावा दिला. ती परत आली तर भिंत वीतभर जाड आणि कोपरे असे सरळ की गवंड्यानं बघावेत.

त्या वैशाखात कोंडिबा घरात झोपला. शेजारच्या न्हावऱ्याहून माणसं भिंत बघायला आली. "जाल्या, लेका कोल्ड स्टोरेज केलंस की रं! आबाला आत ठिवलंस, आता कांदा ठिव!" जालिंदर हसायचा, पण मान ताठ. बापानं कुणाला तरी म्हटलेलं त्यानं ऐकलं होतं, "पोरानं डोकं लावलं." बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. ते वाक्य तो कुठं ठेवू आणि कुठं नको असा फिरत होता. हे ध्यानात ठेवावं, कारण पुढचं सगळं ह्या वाक्यापायी झालं.

आषाढ आला. आमच्या तालुक्यातला आषाढ म्हणजे आभाळ भरलेलं, वारं सुटलेलं आणि थेंबाचा पत्ता नाही. अशा कोरड्या आभाळात मावळतीची भिंत आतून भिजली. सगळी नव्हे. तळहाताएवढे काळपट डाग, इकडं एक, तिकडं एक. देव्हाऱ्याच्या अंगाला जास्त. चुना फुगला, खपले पडले. ऊन पडलं की डाग जायचे, आभाळ आलं की पुन्हा यायचे.

शिरूरहून एक मिस्त्री आला. लाद्यांच्या सांध्यांतून पाऊस शिरतो म्हणाला आणि बाहेरून डांबर फासून गेला. पाऊस पडलाच नव्हता, हे त्याला कुणी सांगितलं नाही. डाग पुन्हा आले. मग जाईबाईला पाण्याची मोरी दिसली. मोरी दुसऱ्या बाजूच्या भिंतीला, पण तरी ती फोडून अंगणात नेली. म्हाळसा पुढं वर्षभर चार काठ्यांना बांधलेल्या लुगड्याच्या आडोशाला अंघोळ करू लागली. डाग आलेच.

दुसऱ्या आषाढात जाईबाईला तिसरं कारण सापडलं.

"शिवाशिव पाळती का ही नीट? च्यार दिस बाजूला बसती म्हणती, पर खरं बसती का?"

"आत्याबाई, गोठ्यात बसते की मी. तुमीच भाकरी सरकवता लांबनं."

"दिसतं ते सरकवते. न दिसलेलं देव बघतो. टाकाच्याच अंगाला पाणी का सुटलं मग? देवाला घाम फुटलाय भवाने, घाम!"

बोलणं घरात राहिलं नाही. भावकीत गेलं. दोन महिन्यांनी कोंडिबा एक दिवस म्हणाला, दसऱ्यानंतरच्या रविवारी देवाला कौल लावू. कौल विरुद्ध गेला तर सून माहेरी. किती दिवस, हे कोणी बोललं नाही. न बोलण्याचा अर्थ गावात सगळ्यांना कळतो. जालिंदरला एक बहीण होती आणि तिची चुलत नणंद लग्नाची होती, हेही जाईबाई त्याच सुमाराला दोनदा बोलून गेली.

तेव्हा बाई निमोण्यात यायच्या. शिरूरच्या हायस्कुलातून शास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, घरी बसवत नाही म्हणून देवळात बायकांचा साक्षरतेचा वर्ग घ्यायच्या. म्हाळसाला वाचता येत होतं, सातवी पास होती. ती दुसऱ्या बायकांची अक्षरं तपासायला मदत करायची. एके दिवशी तिची तपासणी चुकायला लागली. बाईंनी पाटी हातातून काढून घेतली आणि विचारलं, "काय झालंय?" तिनं सांगितलं. बाईंना असल्या गोष्टी ऐकल्या की चीड येते.

"ओल म्हणजे पाणी. पाण्याला यायला वाट लागते. ती वाट शोध. रडून भिंत वाळणार आहे का? उलट आणखी भिजेल."

"कशी शोधू? आत बघाया येतंय का भिंतीच्या?"

"दुधाची पिशवी आहे ना घरी? कापून स्वच्छ धू. एका डागावर लाव, चारी कडा कणकेच्या खळीनं बंद कर. आभाळाचा दिवस येऊ दे. पिशवीच्या आत डाग ओला झाला तर पाणी भिंतीतून येतंय. आत कोरडा आणि भोवती ओला असला, तर पाणी घरातल्या हवेतलं."

तिनं लावली. जाईबाईनं विचारलं तर म्हणाली, "चुना पडतोय देवावर, म्हून." आठवड्यानं वर्गाला आली ती धावतच. "बाई, पिशवीखाली कोरडं ठाक! आन् भवतीनं काळं, रांगोळी काढल्यावानी!"

बाईंना असं निघेल असं वाटलं नव्हतं. मिस्त्री पाऊस म्हणाला होता, त्या मनात सांडपाणी म्हणत होत्या. "म्हणजे भिंत हवेतलं पाणी पितेय."

"मग सगळी भिंत का न्हाई पीत? ठिपकंच का पित्यात?"

"ते आता तू शोध. घर तुझं आहे."

घर तुझं आहे. बोलायला काय जातं!

दसऱ्याला घरात भंडारा उधळला. भावकी जमलेली, ढोल अंगणात, "बिरोबाच्या नावानं" करत मुठीच्या मुठी हळद टाकावर आणि भिंतीवर. त्या दिवशीही आभाळ होतं. उधळण थांबली, हळद खाली बसली, आणि जिथं जिथं भिंत ओली होती तिथं तिथंच ती चिकटून राहिली. इतके दिवस काळपट, धूसर दिसणारे डाग एकदम पिवळेधमक झाले. भिंतभर. बायकांनी पदर पुढं ओढले. कोणीतरी म्हणालं, देवाची पावलं. जाईबाई लोटांगणात. कोंडिबाचे हात जोडलेले, डोळ्यांतून धार.

म्हाळसा हातात आरतीचं ताट घेऊन बघत राहिली. चार कोपऱ्यांना चार आणि मधे एक. पुन्हा शेजारी चार आणि मधे एक. त्याच्या शेजारी तसेच. नवरा रविवारी पारावरून येऊन पत्ते खिशातून काढून कोनाड्यात टाकायचा, त्यातली पंजी तिनं हजारदा उचलून ठेवली होती. ही भिंतीवर पंज्यांची रांग होती. देव असा मापात पावलं टाकत नाही.

तिनं जालिंदरकडं पाहिलं. तो भिंतीकडं बघत नव्हता. अख्ख्या घरात तो एकटाच जमिनीकडं बघत होता.

दुसऱ्या दिवशी पुरुष कामाला गेल्यावर ती घराच्या मागं गेली. वरवंटा घेतला आणि बाहेरून गिलाव्यावर हळूहळू ठोकत निघाली. पोकळ, पोकळ, पोकळ, मग ठप्प. पुन्हा पोकळ. ठप्पच्या जागी तिनं डांबरावर चुन्यानं फुल्या केल्या. शेवटी लांब जाऊन बघितलं तर चार आणि मधे एक. प्रत्येक लादीमागं काहीतरी पाच ठिकाणी थापलेलं होतं. कशानं तरी लाद्या चिकटवल्या होत्या, आणि आत ओल येत होती ती त्याच चिकटवल्या जागी.

कशानं चिकटवल्या, ते तिला चुलीपाशी कळलं. संध्याकाळी भाजीत मीठ टाकायला बरणी उघडली, तर मीठ ओलं होऊन गोळा झालेलं. आभाळ आलं की होतं तसं. ती बरणी हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग देव्हाऱ्याच्या भिंतीपाशी गेली, नखानं डागावरचा पापुद्रा काढला आणि जिभेवर ठेवला. खारट. खारट आणि मागून कडू. आणि त्या चवीमागं एक वास, जो तिला लग्न होऊन आली त्या वर्षापासून ओळखीचा होता. माळावरच्या वाड्याचा.

सकाळी जालिंदर गोठ्यात धार काढत होता. ती वासरू धरून उभी राहिली.

"अवं, त्या शीटा कशानं चिकटवल्या हुत्या?"

"सिमेटनं. आन् कशानं?"

"सिमेट खारट लागतं व्हय?"

चरवीतला आवाज थांबला. "कुणी सांगितलं तुला?"

"जिभंनं."

त्यानं गोठ्याच्या दाराकडं बघितलं, मग खालच्या आवाजात बोलला. "सिमेट धरंना गं. लादी लावली की घसरायची. दोन दिस गेलं. आबा म्हणलं हुतं, वाड्याची मूठभर माती तरी लावा, शुभ असतं. ती लावली तर अशी बसली लादी, हालंना. मग आणली पोती भरून. आबा वावरात हुतं तवा. गोळं केलं आन् थापलं."

"मग हे आबास्नी सांगा."

"काय सांगू? तुमच्या लक्ष्मीचा डिंक केला? आन् त्या डिंकानं देव भिजीवला?"

"न्हाईतर मी जाते म्हायेरी. ते सांगता येतंय?"

तो गायीच्या पोटाला कपाळ टेकवून बसला. "च्यार-सहा म्हैन्याचा तर परश्न हाय म्हाळसे. थंडीत वाळंल भिंत. मग येतो की न्यायला."

"आन् पुढच्या आखाडात?"

"तवाचं तवा बघू."

असं बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत. ती घाबरलेली असतात आणि स्वतःला समजूतदार समजतात.

रविवारी भावकी अंगणात बसली. घोंगडीवर कोंडिबा, भोवती म्हातारे, दारात जाईबाई. पुजाऱ्याला यायला वेळ होता. म्हाळसा घराच्या मागून पहार घेऊन आली आणि डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाली, "आबा, कौलाआधी एक दावायचंय. मागल्या अंगाला चला."

"आता ही पहार घिऊन देवाला दावणार काय?" एक म्हातारा हसला. पण उठले सगळे. तमाशा कोणाला नको असतो?

चुन्याच्या एका फुलीवर तिनं पहार मारली. गिलावा फुटला, जाळी वाकवली, थर्माकोलचा पांढरा भुगा उडाला. आतून काळा, ओलसर गोळा निघाला. तिनं तो कोंडिबाच्या हातावर ठेवला. म्हाताऱ्यानं तो बघितला नाही. नाकाशी नेला. डोळे मिटले. त्याचा चेहरा त्या क्षणी कसा झाला ते म्हाळसानं नंतर बाईंना सांगितलं होतं, "म्हातारा लेकरावानी झाला वो."

"ही तर वाड्याची," तो म्हणाला. "हितं कशी आली?"

सगळ्यांनी जालिंदरकडं बघितलं.

"तुमीच म्हणला हुता की आबा. मूठभर लाव म्हून."

"मूठभर न्हाई आबा," म्हाळसा म्हणाली. "सगळ्या लाद्यांमागं हाय. पाच-पाच गोळं. ठोकून दावते. भिंतीवर देवाची पावलं न्हाईत, ह्या गोळ्यांचं डाग हायत. हिच्यात मीठ हाय, ते विटांतनं आत उतरलंय. आभाळ आलं की बरणीतलं मीठ पाणी सोडतं, तशी ही सोडती. माझ्या बसण्या-उठण्याचा काय संबंध न्हाई ह्याच्यात."

"मीठ?" कोंडिबाचा आवाज चढला. "माझ्या लक्ष्मीत मीठ?"

"तुमीच चारलं की. तीस वर्सं मेंढरास्नी मीठ चारत हुता. त्यांनी तिथंच मुतलं. ते मीठ जाईल कुठं आबा?"

ह्यात खोटं काय होतं? पण भावकीत खळबळ झाली. सासऱ्यासमोर सुनेनं मुताचं नाव काढलं, लक्ष्मीला खारट म्हटलं. जाईबाई दारातून ओरडली, "बघा, बघा हिची जीब!" आधी तिच्यावर ओवळेपणाचा आरोप होता, त्याचा काही पुरावा नव्हता. आता देवाच्या मातीची निंदा झाली, आणि ती सगळ्यांनी कानांनी ऐकली. म्हाळसा खरं बोलली म्हणून तिचा गुन्हा वाढला.

"चाखून बघा," ती म्हणाली.

कोंडिबा चाखेना. तीस वर्षं ज्या मातीवर तो झोपला ती जिभेवर ठेवायची त्याची छाती होईना. बाकीचे मागं सरले.

"मग ह्यास्नी चाखू द्या." तिनं म्हाताऱ्याच्या हातावरचं ढेकूळ उचलून मोडलं आणि अर्धं जालिंदरपुढं धरलं. "ह्यांनी थापलीय. ह्यांनीच सांगावं. खारट हाय म्हणावं, न्हाईतर न्हाई म्हणावं. दुसरं कायबी बोलू नये."

तिला खात्री होती. गोठ्यात तो काही बोलला असला तरी तोंडात चव असताना माणूस खोटं कसं बोलेल, असं तिला वाटत होतं.

जालिंदरनं ढेकूळ घेतलं. चिमूटभर जिभेवर ठेवलं. त्याचं तोंड वाकडं झालं, ते सगळ्यांनी पाहिलं. बाप त्याच्याकडं बघत होता. पोरानं डोकं लावलं, असं म्हटलेला बाप.

"मातीच लागती," जालिंदर म्हणाला.

मग पुजाऱ्याची वाट बघायची कुणाला गरज वाटली नाही. म्हाळसानं घरात जाऊन दोन लुगडी आणि पोरीचे कपडे पिशवीत भरले. पोरगी, पूनम, पाच वर्षांची. कोणीतरी म्हणालं, "पोरीला कशाला न्हेती?" तर जाईबाईच म्हणाली, "पोरगीच हाय. न्हिऊ द्या." पोरगा असता तर दारात अडवला असता.

निमोण्याहून ती आधी शिरूरला आली, बाईंच्या दारात. पाणी प्याली, सगळं सांगितलं, रडली नाही. बाई तिला दौंडच्या गाडीवर घालायला स्टँडवर गेल्या. वाटेत बाईंचा संताप मावत नव्हता. तिच्या मुठीत उरलेलं अर्धं ढेकूळ होतं, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं. त्याच पिशवीत, जी तिनं भिंतीला लावली होती.

"ते दे माझ्याकडं," बाई म्हणाल्या. "पुण्याला मी शिकले त्या कॉलेजात प्रयोगशाळा आहे. तपासून आणते. किती क्षार आहेत ते कागदावर लिहून देतील, सहीशिक्क्यानिशी. तो कागद घेऊन निमोण्यात जाऊ आपण दोघी."

"कुणाला दावायचा कागद?"

"तुझ्या नवऱ्याला. सासऱ्याला. सगळ्या भावकीला."

"ज्याला ठावं न्हाई त्याला कागद दावत्यात बाई," म्हाळसा म्हणाली. "त्यास्नी चव बी ठावं हाय."

दौंडची गाडी लागली. पोरीला आधी चढवलं. बाई हट्टी आहेत, त्यांनी पुन्हा हात पुढं केला. "त्यांच्यासाठी नको, माझ्यासाठी दे. मला बघायचंय."

म्हाळसानं पायरीवर उभं राहून पिशवीकडं बघितलं. "आत्ता न्हाई देत. आत्ता एवढंच हाय माझ्याजवळ. दौंडहून कुणी येणारं असलं की धाडते. मग न्या पुण्याला."

"नक्की?"

"धाडते की."

फाल्गुनात जालिंदरनं मावळतीची भिंत सोलली. थर्माकोलात उंदरांनी घरं केली, असं त्यानं गावाला सांगितलं. लाद्या उतरवल्या, मातीचे गोळे खरवडले, विटा धुतल्या, चांगला जाड सिमेंटचा गिलावा दिला. खरवडलेली माती त्यानं एका पहाटे पोत्यांत भरून माळावर नेऊन टाकली, जिथली होती तिथं. पुढच्या आषाढात भिंत कोरडी राहिली. कोंडिबा पुन्हा अंगणात झोपायला लागला, पण देव कोरडा होता म्हणून समाधानी होता. तो गेला तेव्हाही समाधानीच गेला म्हणतात. जालिंदर दौंडला न्यायला गेला नाही. भिंत वाळल्यावर तर त्याला जाताच येईना, कारण ती गेल्यानं भिंत वाळली, असं तोवर ठरलं होतं. तसं ठरू देणाऱ्यांत तो पहिला. बहिणीची चुलत नणंद घरात आली. तिला दोन मुलगे आहेत.

बाईंनी पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या माणसाला तेव्हाच बोलून ठेवलं होतं. त्यानं दोनदा विचारलं, "ती माती आणताय ना?" बाई म्हणाल्या, "येतेय." दौंडहून शिरूरला गाड्या दिवसभर येतात. तुझे डबे नेणारा ड्रायव्हरसुद्धा आठवड्यातून दोनदा माझ्या घरावरून जातो, म्हाळसा. ती पिशवी अजून आलेली नाही.